सोलापूरच्या सेटलमेंटची माहिती कुठल्या डेटाबेसमध्ये सापडेल?

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द लोकांच्या पत्त्यात येतो. सेटलमेंट फ्री कॉलनी, नंबर अमुक. हे नाव ज्या वसाहतीवरून पडलं ती ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींसाठी तारेच्या कुंपणाआड वसवलेली होती. कुंपण गेलं, कायदा गेला, नावात ‘फ्री’ आलं. आता समजा, अशाच वस्तीतली एखादी मुलगी पीएच.डी. करतेय आणि तिला विषय घ्यायचाय आपल्या समाजाच्या शिक्षणाचा. शंभर वर्षांत शाळेपर्यंत कोण पोहोचलं, कोण मध्येच गळालं, का गळालं. गाइड सांगणार, ‘आधी लिटरेचर रिव्ह्यू कर.’ म्हणजे या विषयावर आधी कोणी काय लिहिलंय ते शोधून वाच. ती गूगलवर इंग्रजीत ‘इंडिजिनस एज्युकेशन रिसर्च डेटाबेस’ असं टाकणार आणि तिच्यासमोर कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येऊन उभे राहणार.

हे डेटाबेस वाईट नाहीत. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाचं ‘आयपोर्टल’ हे आदिवासी अभ्यासाचं मोफत सूचीघर आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरातली ‘आयॅट्सिस’ ही संस्था तिथल्या मूळनिवासी समाजांची पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, भाषा यांचा मोठा संग्रह सांभाळते. शिक्षणाच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा ‘एरिक’ हा डेटाबेस १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि कोणालाही फुकट वापरता येतो. २०२५ मध्ये तिथल्या सरकारी कपातीचा त्याला फटका बसला, तरी जुना साठा जागेवर आहे. बोर्डिंग शाळा, मातृभाषेतून शिक्षण, गळती या विषयांवर तिथे जे लिहिलं गेलंय ते आश्रमशाळांचा अभ्यास करणाऱ्याने नक्की वाचावं.

पण त्यात कैकाडी सापडणार नाहीत. फासेपारधी, बेरड, रामोशी, वडार, लमाण फारच थोडे सापडतील. कारण ‘इंडिजिनस’ या शब्दाखाली भारतातली माहिती फारशी ठेवलेलीच नाही. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंब्याचं मत दिलं, पण स्वातंत्र्यानंतरचे सगळेच भारतीय मूळनिवासी आहेत ही आपली भूमिका कायम ठेवली. आपल्या कायद्यात शब्द आहे ‘अनुसूचित जमाती’. चळवळीचा शब्द ‘आदिवासी’. आणि सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या बहुतेक जमाती तर या दोन्हींतही बसत नाहीत, त्या ‘विमुक्त’.

थोडक्यात, माहिती आहे आणि बरीच आहे. पण ती दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांखाली पडून आहे. म्हणून आधी नावांचं बघू.

शोध घ्यायचा तर जुनी नावं लागतील, कितीही बोचली तरी

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू झाला, १९२४ मध्ये पुन्हा सुधारला गेला. मुंबई राज्याने तो १९४९ मध्ये रद्द केला आणि देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. त्यामुळे १९११ ते १९४९ या काळातलं सोलापूरचं जे काही सरकारी साहित्य आहे, ते ‘क्रिमिनल ट्राइब्ज’ या शब्दांखाली आहे. ‘डीनोटिफाइड’ हा शब्द टाकून ते मिळणार नाही, कारण तेव्हा हा शब्दच नव्हता.

दुसरी गोष्ट गावाच्या स्पेलिंगची. इंग्रज सोलापूर लिहिताना ‘एस’नंतर ‘एच’ घालत. जुने अहवाल, गॅझेटियर, मिशनची पत्रं, सगळीकडे ‘शोलापूर’ आहे. एका ‘एच’साठी शंभर वर्षांचे कागद नजरेआड होतात. विजापूर, हुबळी, गदग इथे अशाच वसाहती होत्या आणि या सगळ्यांवर देखरेख करणारे अधिकारी स्टार्टे यांचं कार्यालय विजापुरात होतं. म्हणजे सोलापूरची माहिती हवी असेल तर आजच्या कर्नाटकातली गावंही शोधात घ्यावी लागतात, तीही जुन्या स्पेलिंगने.

याच स्टार्टेंच्या नावावर पुढे मुंबई सरकारची १९२८ ची समिती आहे. तिचा अहवाल १९३० चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा त्या समितीवर सदस्य होते. शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं यांवर शिफारशी करणारा हा आपल्याकडचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. पण शीर्षकात शब्द आहेत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ आणि ‘अ‍ॅबोरिजिनल ट्राइब्ज’. आज कोणीही विद्यार्थी हे शब्द आपण होऊन टाइप करणार नाही. टाइप करावे लागतात.

भाषांचंही तेच. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा अकरावा खंड (१९२२) भटक्यांच्या बोलींवर आहे आणि त्याचं नाव आहे ‘जिप्सी लँग्वेजेस’. कोल्हाटी, गारुडी, शिकलगारी, बेलदारी त्यात आहेत. कैकाडी मात्र त्यात नाही. ती द्राविडी भाषांच्या चौथ्या खंडात आहे, कारण तिचं नातं तमिळशी जोडलंय. कैकाडी घरातलं मूल मराठी शाळेत पहिलीत का अडखळतं याचा अभ्यास करायचा असेल तर ही नोंद कामाची आहे. पण ‘भटक्यांच्या बोली’ म्हणून अकरावा खंड उघडणारा माणूस तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

मराठीतही काही वेगळं नाही. ‘गावगाडा’वाल्या त्रिंबक नारायण आत्र्यांचं त्याआधीचं, १९११ चं पुस्तक आहे, नाव ‘गुन्हेगार जाती’. मुंबई इलाख्याच्या पोलिसांसाठी मायकेल केनेडी यांनी १९०८ मध्ये लिहिलेलं पुस्तकही याच शब्दांचं. दोन्ही वाचताना राग येतो, यायलाच हवा. तरी वाचावी लागतात, कारण पुढची चाळीस वर्षं शाळा, गिरणी आणि हजेरी यांचे नियम याच नजरेतून ठरले.

एक अक्षर आणि एक आरक्षण

नावांचा हा घोळ फक्त पीएच.डी.वाल्यांच्या डोक्याला ताप आहे असं वाटत असेल तर पंढरपूरकडे बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे धनगर समाजाचं अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी उपोषण झालं. मूळ वाद एका अक्षराचा आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ३६ व्या क्रमांकावर ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. समाजाचं म्हणणं, तो धांगड म्हणजे आम्हीच, इंग्रजीत शेवटी ‘आर’च्या जागी ‘डी’ पडलाय. आदिवासी संघटनांचं म्हणणं, धांगड ही वेगळी जमात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये धनगर समाजाच्या याचिका फेटाळल्या. यादीतला शब्द न्यायालय बदलू शकत नाही.

आता हेच डेटाबेसच्या बाजूने बघा. जुन्या इंग्रजी कागदांत तुम्ही ‘धनगर’ शोधलंत तर दोन वेगळेच लोक एकत्र समोर येतात. एक आपले मेंढपाळ. दुसरे छोटा नागपूरचे मजूर, ज्यांना एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत नेलं गेलं आणि इंग्रज ज्यांना सरसकट ‘धांगर’ म्हणत. स्पेलिंग जवळपास तेच. कोणी घाईत दोन्हीकडचे पुरावे एकत्र बांधले तर फाइल जाड होते, पण कोर्टात टिकत नाही. मेंढपाळ धनगरांविषयी खात्रीचं वाचायचं तर ग्युंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाचं नाव टाकून शोधा. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचं त्यांचं मूळ पुस्तक जर्मनमध्ये १९७६ ला आलं, इंग्रजी भाषांतर १९८९ ला. समाजाच्या नावापेक्षा लेखकाच्या नावाने शोध लवकर लागतो, ही युक्ती इतरत्रही चालते.

बंजारा समाजाचं प्रकरण आणखी ताजं आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने मराठा-कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय काढला. लगेच बंजारा समाजाने म्हटलं, त्याच गॅझेटच्या आधारे आम्हालाही जमातीचा दर्जा द्या. मोर्चे निघाले, आदिवासी संघटनांचे विरोधी मोर्चे निघाले. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. सोलापुरातून तासाभरात सीमा ओलांडली की त्याच तांड्यातल्या नातेवाइकांचा प्रवर्ग बदलतो. त्यामुळे ‘बंजारा विद्यार्थ्यांचं शिक्षण’ असा शोध घेतला तर तीन राज्यांतले तीन वेगवेगळ्या सवलतींचे आकडे एकत्र येतात. नावंही लमाण, लमाणी, लंबाडी, सुगाळी, गोर अशी. हे वेगळं न काढता काढलेला निष्कर्ष कामाचा नाही.

आणि एक लक्षात घ्या. सोलापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग निजामाकडे नव्हताच. तो मुंबई इलाख्यात होता. अक्कलकोट हे वेगळं संस्थान. शेजारचे धाराशिव, लातूर निजामाचे. म्हणजे सोलापूरच्या माणसाने हैदराबाद गॅझेट धुंडाळण्याआधी १८८४ चा मुंबई गॅझेटियरचा विसावा खंड उघडावा. तो सोलापूरचाच आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळतो.

कुठे बघायचं

थेट सांगते.

सगळ्यात आधी ‘शोधगंगा’. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इथे ठेवले जातात, पाच लाखांहून जास्त आहेत, पैसे लागत नाहीत, लॉगिनही लागत नाही. चालवते गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही सरकारी संस्था. नवीन प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे कोणीतरी तुमच्यासाठी तीन-चार वर्षं घालून केलेला शोध असतो. ती आधी उतरवून घ्या. शोधताना ‘नोमॅडिक’, ‘डीनोटिफाइड’, ‘व्हीजेएनटी’, ‘विमुक्त’, ‘भटक्या’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत आणि देवनागरीत, दोन्ही प्रकारे टाका. मराठी प्रबंधांची शीर्षकं कोणी देवनागरीत भरलीत, कोणी इंग्रजी अक्षरांत, आणि इंग्रजी अक्षरांत भरताना ज्याचं स्पेलिंग त्याचं.

जुन्या सरकारी अहवालांसाठी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघा. मुंबई इलाख्याचे कितीतरी अहवाल तिथे स्कॅन करून ठेवलेत. इंटरनेट अर्काइव्ह आहेच. जेस्टोरवर ‘साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्ज’ नावाचा मोफत विभाग आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आहे; तिथे सगळ्याच फाइली स्कॅन झालेल्या नाहीत, पण सूची शोधता येते आणि फाइल दिल्लीत आहे एवढं कळणंही काही कमी नाही.

एक आडवाट सोलापूरसाठी खास. इथल्या वसाहतीचं काम सुरुवातीच्या काळात अमेरिकन मराठी मिशनकडे होतं. मिशनरी लोक घरी पत्रं लिहीत, अहवाल पाठवत, फोटो काढत, कारण त्यांना तिकडून देणग्या मिळवायच्या असत. हे मिशन ज्या बोस्टनच्या मंडळाचं, त्याचं ‘मिशनरी हेरल्ड’ नावाचं मासिक होतं आणि त्याचे जुने अंक स्कॅन झालेत. मंडळाची कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. देणगी मागणाऱ्याचा सूर बाजूला ठेवून वाचलं तर सरकारी तक्त्यात न येणाऱ्या गोष्टी अशा लिखाणात मिळतात.

इथे एक कटू गंमत आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांचं मिळून ‘हाथीट्रस्ट’ नावाचं मोठं डिजिटल ग्रंथालय आहे. अमेरिकेबाहेर छापलेली विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतली पुस्तकं ते कॉपीराइटच्या काळजीने पुष्कळदा फक्त अमेरिकेतल्या वाचकांना उघडून देतं. म्हणजे मुंबईत सरकारी छापखान्यात छापलेला १९२० च्या दशकातला अहवाल शिकागोतल्या विद्यार्थ्याला स्क्रीनवर दिसेल आणि सेटलमेंट फ्री कॉलनीतल्या मुलीला ‘फक्त शोध, वाचन नाही’ अशा अर्थाची पाटी दिसेल. तरी हाथीट्रस्ट वापरा. शब्द कितव्या पानावर आहे ते तो सांगतो. मग तेच पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर किंवा गोखलेमध्ये शोधून ते पान उघडायचं.

अनुसूचित जमातींसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. केंद्राच्या जनजाती मंत्रालयाचं डिजिटल दस्तऐवज भांडार आहे, त्यात राज्याराज्यांतल्या अशा संस्थांचे अभ्यास जमा होतात. पारधी हे अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हा दरवाजा उपयोगी. विमुक्तांसाठी मात्र असा कायमचा दरवाजा नाही. आयोग येतात, अहवाल देतात, जातात. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्याचे अध्यक्ष होते त्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ चा. देशात विमुक्त-भटक्यांची लोकसंख्या १०.७४ कोटी असावी हा सगळीकडे फिरणारा अंदाज त्यातलाच. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग. मग भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाकडे २६८ समाजांचा अभ्यास सोपवला गेला. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळाच्या लायब्ररी विभागात असे अहवाल सारांशासह मिळतात, शिवाय तिथल्या बातम्या मराठीतही आहेत. नव्या माणसाने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

पैशाचा दरवाजा

नवे शोधनिबंध बहुतेक कुलूपबंद असतात. एकेका लेखाला काही हजार रुपये मागतात. यावर सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना आणली. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. एल्सविअर, स्प्रिंगर नेचर, टेलर अँड फ्रान्सिस, सेज, ऑक्सफर्ड, केंब्रिज सगळे आत. जानेवारी २०२५ पासून ती चालू आहे आणि सुमारे ६,३०० संस्थांना मिळते.

बातम्यांत ‘सगळ्या विद्यार्थ्यांना मोफत’ असं आलं. तसं नाही. पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकार स्वतः चालवतं त्या संस्थांसाठी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ राज्य विद्यापीठ आहे, ते बसतं. पण सोलापूर शहरात आणि तालुक्यांत पोरं शिकतात ती कॉलेजं बहुतेक खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. काही अनुदानित, काही विनाअनुदानित. प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, पण व्यवस्थापन संस्थेचं. महाराष्ट्रात उच्च शिक्षण उभंच राहिलं ते अशा संस्थांवर, म्हणून ‘सरकारी व्यवस्थापन’ ही अट इथे फार जणांना बाहेर ठेवते. पहिल्या पिढीत कॉलेजला आलेली मुलं तर घराजवळच्या अशाच कॉलेजात असतात. ही माझ्या मते योजनेतली सर्वांत मोठी खोट आहे, आणि विद्यार्थी संघटनांनी तिच्यावर अजून पुरेसा आवाज केलेला नाही.

मग काय करायचं? एक, तुमच्या कॉलेजने इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’चं सदस्यत्व घेतलंय का ते ग्रंथपालांना विचारा. अनुदानित कॉलेजांसाठी ही योजना आहे, वर्षाची फी अगदी थोडी, आणि अनेकदा सदस्यत्व असतं पण विद्यार्थ्यांचे आयडी काढलेले नसतात. दोन, पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठात असेल तर तुमचं संशोधन केंद्र कॉलेजात असलं तरी विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे लॉगिन मागा. तीन, जेस्टोरवर स्वतःच्या ईमेलने खातं उघडलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक तिथे आहेत आणि विमुक्तांवरचं इंग्रजीतलं बरंच चांगलं लेखन त्यातच आलंय. चार, गूगल स्कॉलरवर लेखाखाली ‘सर्व आवृत्त्या’ उघडून बघा. लेखकाने कुठेतरी मोफत प्रत ठेवलेली असते. नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करा. पाठवतात हो लोक.

साय-हबचा रस्ता ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

मराठी पुस्तक इंटरनेटवर असूनही का सापडत नाही

लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०), दादासाहेब मोरेंचं ‘गबाळ’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (१९८७), भीमराव गस्तींचं ‘बेरड’. शाळेच्या दारात काय घडतं याचा यांच्याइतका तपशील कुठल्याही आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये नाही. मानेंचं ‘विमुक्तायन’ तर थेट अभ्यासाचंच पुस्तक. पण स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सला ही पुस्तकं म्हणजे अस्तित्वातच नाहीत. ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ यांसारख्या नियतकालिकांतले लेखही तिथे जवळपास नाहीत. मराठीत पन्नास वर्षं लिहिलेलं असतं आणि इंग्रजी प्रबंधात वाक्य येतं, ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही.’

दुसरं कारण निव्वळ तांत्रिक आहे. साधारण २०१० पर्यंतचे मराठी प्रबंध श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत टाइप झाले. स्क्रीनवर ते मराठी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी चिन्हांची असतात. तुम्ही ‘पारधी’ शोधता, कॉम्प्युटरला त्या पानावर भलतीच चिन्हं दिसतात. जी पानं फक्त फोटोसारखी स्कॅन केलीत त्यांत तर अक्षर म्हणून काहीच नसतं. शोधगंगेवर प्रबंध आहे, त्यात पन्नास वेळा ‘पारधी’ आहे आणि शोध म्हणतो शून्य.

उपाय सोपा आहे. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गूगल डॉक्सने उघडा’ निवडा. तो चित्रातली देवनागरी वाचून मजकूर तयार करतो. मोठी फाइल असेल तर दहा-वीस पानांचे तुकडे करा. जास्त पुस्तकं असतील तर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठीसाठी चालतं. जोडाक्षरं आणि रफार चुकतात, ‘प’चा ‘ष’ होतो, म्हणून उद्धृत करण्याआधी मूळ पान डोळ्यांनी वाचायचंच.

एआयबद्दलही विचारणा होतेच. चॅटबॉटला ‘सोलापूर सेटलमेंटवरचे दहा संदर्भ दे’ म्हणू नका. ज्या विषयावर इंग्रजीत कमी मजकूर आहे तिथे हे बॉट खरी वाटणारी, पण अस्तित्वात नसलेली पुस्तकं बनवून देतात. त्याऐवजी त्याला जमातीच्या नावाची सगळी जुनी स्पेलिंगं विचारा. ते काम त्याला बरं जमतं, आणि चुकलं तरी फार तर एक शोध वाया जातो.

जे मोजलंच नाही

आता त्या मुलीचा मूळ प्रश्न: कैकाडी मुलं किती शिकली? इथे सगळे डेटाबेस हात वर करतात. राज्याच्या कागदावर विमुक्त जाती ‘अ’ला ३ टक्के, भटक्या जमाती ‘ब’ला २.५, ‘क’ला ३.५ आणि ‘ड’ला २ टक्के आरक्षण आहे. पण देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘युडायस प्लस’मध्ये सामाजिक प्रवर्ग म्हणजे खुला, एससी, एसटी, ओबीसी. विमुक्त-भटके तिथे बहुतेक ओबीसीत मिसळून जातात. तारेच्या कुंपणातून आलेल्या समाजाची गळती आणि जमीनजुमला असलेल्या ओबीसी समाजाची गळती एका सरासरीत. शिवाय कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत धरले जातात आणि इकडे विमुक्तांत, म्हणजे एकाच जमातीचे आकडे दोन रकान्यांत.

पारध्यांचं थोडं बरं. जनगणनेत प्रत्येक अनुसूचित जमातीचे शैक्षणिक पातळीचे वेगळे तक्ते राज्यपातळीवर निघतात, २०११ चे ते एक्सेलमध्ये मोफत मिळतात. पण सोलापूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींची एकूण लोकसंख्याच दोन टक्क्यांहून कमी, त्यामुळे जिल्ह्याच्या आराखड्यात कोणी त्यांच्याकडे बघत नाही. बाकीच्या जातींची पूर्ण मोजणी १९३१ नंतर जनगणनेत झालेलीच नाही.

आता ती होणार आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जातनिहाय गणनेचा निर्णय घेतला, संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आणि नोंद मोबाइल अ‍ॅपवर. विमुक्त-भटक्यांच्या संघटना स्वतंत्र रकाना मागतायत. त्याइतकाच मोठा प्रश्न नाव कसं लिहिलं जाणार हा आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत लोकांनी सांगितलं तसं लिहून घेतलं होतं. महाराष्ट्राच्या अधिकृत यादीत तेव्हा ४९४ जाती होत्या. हाती आलेली नावं ४,२८,६७७. केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच आकडे सांगून ती माहिती वापरण्यासारखी नाही असं म्हटलं. टाकणकार कोणी लिहिलं, टाकणखार कोणी, फासेपारधी एका शब्दात कोणी, दोन शब्दांत कोणी, आडनावालाच जात म्हणून कोणी.

तेव्हा संशोधन करणाऱ्या मुलामुलींनी आपल्या शोधवहीत एक पान स्पेलिंगांचं ठेवावं. जमातीचं एकेक नाव कोणत्या सालच्या कोणत्या कागदात कसं लिहिलंय, मराठीत आणि इंग्रजीत. प्रबंधाच्या परिशिष्टात ते जाईलच. गणना करणारे घरी येतील तेव्हा वस्तीतल्या शंभर घरांनी कुठलं एक नाव सांगायचं हे ठरवायलाही तेच पान लागेल, आणि त्याला आता फार वेळ उरलेला नाही.